रुख्माच्या नावाची शुगर

यंदा रोवणीला, धानाची रोपं लावायला, बाया मिळेनात. पाणी सगळ्या शिवारावर एकदमच पडलं, सगळ्यांच्या बांध्यांत, धानाच्या वावरांत, एकाच आठवड्यात चिखल झाला, आणि ज्याला त्याला आपलाच धान आधी लागायला हवा होता. सौंदडपासून आत असलेल्या त्या गावात मग नेहमीचा तोडगा निघाला. आठ-दहा घरच्या बायांनी मिळून आज ह्याची बांधी, उद्या त्याची, असं फिरायचं. बकाराम कापगतेच्या घरून त्याची बायको रुख्मा जात होती, आणि रुख्माला कोणी काम करू देत नव्हतं.

रुख्मा हाडापेराने मजबूत बाई. एकदा कमरेत वाकली की दुपारच्या जेवणापर्यंत पाठ सरळ करायची नाही. पण ओळ लागली की बाया तिला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला सरकवायच्या, तिथे चिखल उथळ असतो. पऱ्ह्यांच्या, रोपांच्या, जुड्या वाहायला ती पुढे झाली की कोणीतरी तिच्या हातातली जुडी ओढून घ्यायचं. तुले शुगर हाये, तू राहू दे. काटा लागेल, पाय चिघळेल, चक्कर येऊन पडशील. हे सगळं मायेनेच चाललेलं, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

आणि रुख्माला शुगर नव्हती. कधीच नव्हती.

शुगर होती तिच्या धाकट्या लेकीला, नूतनला. सहा वर्षांपूर्वी, शाळेत असताना, पोरीच्या अंगावरचे कपडे ढिले व्हायला लागले. माठ रिकामा करायची आणि रात्रभर उठत राहायची. बकारामने तिला अर्जुनी मोरगावला दाखवलं. तिथला डॉक्टर म्हणाला, हे पोराटोरांना होतं तसलं आहे, गोळ्यांनी भागणार नाही, रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. बकाराम त्या जन्मभरवर अडकला. पोरीचा जन्म. घरात दोन पोरी, मोठी मंजू आणि ही. त्या भागात सोयरिकीआधी पाहुणे सातबारा बघतात तसे दवाखानेही विचारून घेतात. त्याने डॉक्टरला हात जोडले. कागद हिच्या मायच्या नावाने करा साहेब, म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईच्या शुगरचं कोणाला काय पडलंय. डॉक्टर ओळखीचा होता, बाहेर रांग होती. त्याने पेन उचललं आणि रुख्माचं नाव टाकलं. रुख्मा तिथेच बाकावर नूतनचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

त्या दिवसापासून इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजच्या दारात दुधाशेजारी उघड्यावर राहू लागल्या. ज्याने पाहिल्या त्याने रुख्माच्या म्हणून पाहिल्या. सकाळ-संध्याकाळ नूतन धानाच्या कोठीच्या खोलीत जायची, दार लोटायची आणि पोटाला टोचून घ्यायची. बाहेर कोणी बसलेलं असलं तर तिच्यामागून रुख्माही आत जायची आणि दंड चोळत बाहेर यायची. पंगतीत बुंदी आली की ती पत्रावळीवर आडवा हात धरायची. सुरुवातीला जीव तुटायचा, पुढे सवय झाली. ढोंगाचीही सवय होते, अगदी पथ्यासारखी.

घरोघरी तब्येती तपासणारी गावची आशा ताई म्हणजे रेणू. ती महिन्याकाठी यायची, रुख्माच्या बोटाला सुई टोचून यंत्रात रक्ताचा थेंब घ्यायची आणि खूश व्हायची. रुख्माबाईची शुगर म्हणजे सांगितलेल्या रेषेच्या आत, कधी इकडे नाही की तिकडे नाही. तिने एका महिला मेळाव्यात रुख्माला पुढे बोलावून नारळ आणि ब्लाउजपीस दिला. पथ्य पाळलं तर काय होऊ शकतं ते हिच्याकडून शिका, म्हणाली. रुख्मा नारळ पोटाशी धरून उभी राहिली. टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्यांत सावित्रीबाईही होती. तीन घरं सोडून राहायची, रुख्माहून थोडी मोठी. तिची शुगर खरी होती आणि कोणाचं ऐकायची नाही. मेळाव्याहून परत येताना तिने रुख्माला विचारलं की तू नेमकं करतेस तरी काय. रुख्माने तोंडाला येईल ते सांगितलं. भात सोडला, एकच वेळ जेवते. धानाच्या मुलखात कोणी भात सोडत नाही, म्हणून ते सावित्रीबाईला खरं वाटलं असावं.

तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. संध्याकाळी तलावाच्या पारीवरून, बांधावरून, फिरून यायच्या आणि देवळाच्या पायरीवर बसून एकमेकींचे तळवे बघायच्या. शुगरवाल्याला पायाची जखम कळत नाही, म्हणून दुसऱ्याने बघावी, असं रेणूने सांगून ठेवलं होतं. सावित्रीबाई रुख्माची टाच मांडीवर घेऊन भेगा चाचपायची. घरात मुलाला आणि सुनेला जे बोलत नसे ते त्या पायरीवर बोलायची. डोळे जातील का, मी अंथरुणाला खिळले तर सून करेल का. खरं सांगायचं तर रुख्माला ते हवंहवंसं झालं होतं. लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून तिचे पाय असे कोणी हातात घेतले नव्हते.

मागच्या वर्षी सावित्रीबाईच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं आणि गोंदियाला नेऊन कापावं लागलं. रुख्मा भेटायला गेली तेव्हा तिने रुख्माचा हात धरून ठेवला. म्हणाली, भात सोडला, तुह्यासारखं एकच वेळ जेवलो, तरी काऊन असं झालं. तुलेच समजते माह्यं. रुख्मा घरी आली आणि दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

इकडे नूतन मोठी झाली. पोरगी चालायची. म्हणजे चालण्याच्या शर्यतीत भाग घ्यायची. ह्या खेळात पळायचं नसतं, एक पाय जमिनीवर टेकलेला हवा आणि गुडघा सरळ हवा, त्यामुळे कंबर डावी-उजवी हलते. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पारीवर ती पहाटे सराव करू लागली तेव्हा गावाला महिनाभर करमणूक झाली. पोरं तिच्या मागून तशीच कंबर हलवत चालायची. गोंदियाच्या कॉलेजातले खेळाचे शिक्षक वीरेंद्र सर मात्र म्हणाले की हिच्या पायात काहीतरी आहे. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि ऐन रोवणीत बातमी आली की ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला जायचं आहे.

बातमीबरोबर सरांनी मुलांना बंदी असलेल्या औषधांची माहितीही दिली. ताकद वाढवायची औषधं, भलते काढे, ओळखीच्याने दिलेल्या गोळ्या, ह्यातलं काही घेऊ नका. बंदीच्या यादीत इन्सुलिनही होतं. नूतन सगळे जाईपर्यंत मैदानावर बसून राहिली आणि मग सरांना म्हणाली की मी हे रोज घेते, सहा वर्षांपासून.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र सर मोटारसायकलवर घरी आले. बकारामच्या पडवीत बसून त्यांनी समजावून सांगितलं. ज्या खेळाडूला औषधावाचून जगताच येत नाही त्याला सूट मिळते. अर्ज करायचा, डॉक्टरचं पत्र लावायचं, तपासण्या लावायच्या, आजार कधीपासून आहे आणि उपचार काय चालू आहेत ते दाखवायचं. घाबरण्यासारखं काही नाही. फक्त सगळं तिच्या नावाचं पाहिजे.

बकाराम त्याच दुपारी अर्जुनीला गेला आणि संध्याकाळी पडलेल्या तोंडाने आला. डॉक्टरने त्याला बसायलाही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे नूतन नावाची पेशंटच नाही, म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सर थांबलेले होते. मंजूही आतल्या दाराशी उभी होती. तिची बोलणी गोरेगावच्या एका घरी चालू होती, दिवाळीनंतर साक्षगंध, साखरपुडा, करायचं घाटत होतं. बकारामने तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मॅचच्या वक्ती चार दिस नाई टोचलं त का होते?"

"मर जाएगी, काका," सर म्हणाले. "और क्या होगा."

बकारामने विषय सोडला. पण बापाचे ते चार दिवस नूतनच्या डोक्यात राहिले. एकोणीस वर्षांची पोर. तिला वाटलं, मरायचं काय इतकं सोपं असतं, करून तर बघू. तिने कोणाला न सांगता सुई बंद केली. कोठीच्या खोलीत जायची, दार लोटायची, थोडा वेळ उभी राहायची आणि बाहेर यायची. रुख्माला दोन दिवस कळलं नाही. ती दिवसभर दुसऱ्यांच्या बांधीत धुऱ्याकडेला रोवत होती आणि संध्याकाळी सावित्रीबाईबरोबर पारीवर फिरत होती.

तिसऱ्या सकाळी चैतराम दूधवाला ओरडत आला. नूतन नहराच्या कडेला पडली होती. ओकून ओकून रिकामी झालेली, श्वास भसाभसा चाललेला, तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. चिखलाने भरलेल्या पायांनीच रुख्मा गाडीत बसली. गोंदियाला पोचेपर्यंत ती नुसती लेकीचे ओठ ओल्या पदराने पुसत होती. रस्त्यात बकाराम एकदाच बोलला. मी तसं म्हणालो नव्हतो, म्हणाला.

दवाखान्याच्या खिडकीशी बसलेल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं. बकारामने मागे वळून पाहिलं. सहा वर्षांची सवय होती, आणि मागे रांगेत सौंदडकडचा एक माणूस उभा होता, तो ह्यांना ओळखत होता. रुख्माने नवऱ्याला बाजूला सारलं. आयुष्यात तिने त्याला पहिल्यांदाच असं सारलं.

"नूतन बकाराम कापगते," ती म्हणाली. "पोरीले लहानपनापासून शुगर हाये. सुई घेते."

पोरगी वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कडक होत्या. ताप उतरावा तसा तो प्रकार उतरला आणि नूतन उठून बसली, तेव्हा त्यांनी तिघांनाही समोर घेतलं. सगळं ऐकून त्यांनी बकारामकडे पाहिलं. बकारामने मान खाली घातली ती वर काढली नाही. मग त्यांनी रुख्माचंही रक्त काढलं आणि तपासून म्हणाल्या, तुम्हाला काहीही नाही, छान तब्येत आहे. रुख्माला त्याची लाज वाटली.

सूट मिळवायला लागणारं पत्र मी देते, बाई म्हणाल्या. रक्त नागपूरला पाठवू, त्यात हा कुठला आजार आहे ते निर्विवाद कळेल. पण मागची वर्षं लपवून चालणार नाहीत. आईच्या नावावर उपचार चालले होते असं मी स्पष्ट लिहीन, आणि तुम्ही दोघांनी तसं सांगायचं. तुमच्या गावच्या आशा ताईकडे तुमचं नाव शुगरवाल्यांत आहे, ते काढायला तिच्याशी मी बोलेन. कोणी विचारलंच तर दोन ठिकाणी दोन गोष्टी निघायला नकोत.

रेणूला कळलं म्हणजे गावाला कळलं. बकारामला मंजूचं लग्न मोडताना दिसलं असणार. रुख्माच्या डोळ्यांसमोर मात्र देवळाची पायरी आली. तिने डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं की रेणूला फोन परवा केला तर चालेल का, मला आधी एका बाईला सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी रोवणी सावित्रीबाईच्याच बांधीत होती. तिला चिखलात उतरायची मनाई होती, पाय अजून पुरता भरला नव्हता. ती धुऱ्यावर छत्री घेऊन बसली होती आणि बायांना जुड्या पुरवत होती. ऊन-सावली चालू होती. चिखलाला उकडल्यासारखा वास सुटला होता. रुख्मा ओळीत उतरली नाही. सावित्रीबाईच्या शेजारी धुऱ्यावर बसली आणि हातात एक जुडी घेऊन तिच्या मुळांचा चिखल काढत राहिली. बाया लांब गेल्यावर तिने सांगून टाकलं. लांबण लावली नाही. मला शुगर नाही, नूतनला आहे, मला कधीच नव्हती.

सावित्रीबाईला आधी ती थट्टा वाटली. मग नूतनबद्दल ती हळहळली, पोरीच्या जातीला हे काय झालं, म्हणाली. बकाराम वेडा आहे, म्हणाली. रुख्माला क्षणभर वाटलं की निभावलं. मग सावित्रीबाईची नजर बांधीकडे गेली. बाया ओळीने मागे मागे सरकत होत्या.

"मंग मले भात कायले सोडाले सांगतलं वो?" ती म्हणाली.

पोरीसाठी केलं, असं म्हणता आलं असतं, पण भाताचं पोरीसाठी नव्हतं. ते असंच तोंडातून गेलं होतं, खोटं खरं दिसावं म्हणून.

"मी भुकी राहून राहिलो होतो, रुख्मा. चकरा ये, तरी म्हनो, रुख्मा करते त मले काऊन नाई जमत." सावित्रीबाईचा आवाज चढला नव्हता. "बोट गेलं तवा म्हनलो, माह्याच मनात खोट हाये."

तिने छत्री मिटली, चप्पल पायात सरकवली आणि धुऱ्याधुऱ्याने घराकडे निघाली. पाय थोडा ओढत होता. रुख्माने पुढे होऊन तिच्या हाताखाली हात घातला तर तिने तो काढून टाकला, रागाने नाही, अनोळखी माणसाचा काढावा तसा.

पुढे जे व्हायचं ते झालं. रेणू येऊन भांडून गेली. मी स्टेजवर तुमचा सत्कार केला वो, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. गावाने चार दिवस चघळलं. पोरं नूतनला विचारायची की साखर खाल्ली तर पळशील की चालशील. गोरेगावच्या पाहुण्यांनी काही दिवस फोन उचलला नाही आणि मग उचलला. पोराच्या आईने सांगितलं, आमच्या घरी दोघा-तिघांना आहे, आजकाल कोणाला नाही, तुम्ही साक्षगंधाचं बघा. बकाराम फोन ठेवून हसत सुटला. ज्याला तो सहा वर्षं भ्यायला होता ते असं फुसकं निघालं. त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, आणि ती हसली नाही म्हणून त्याला नवल वाटलं.

रोवणीत आता रुख्माला धुऱ्याकडेला कोणी ठेवत नव्हतं. तिला मधली ओळ मिळायची, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि जुड्यांचा भार आधी तिच्या डोक्यावर यायचा. तुले का धाड भरली, म्हणायच्या. तिला कामाचं काही नव्हतं, काम तिला हवंच होतं. पण ओळीत तिच्या डाव्या-उजव्या बाया एकमेकींशी तिच्या पाठीवरून बोलायच्या. संध्याकाळी ती तलावाच्या पारीपर्यंत एकटी जायची आणि परत यायची. सावित्रीबाईने फिरायची वेळ बदलली होती.

सूट मिळाली. वीरेंद्र सरांनी फोनवर वाचून दाखवलं, नूतनने पुन्हा वाचून दाखवलं, बकारामने पेढे आणले आणि कोणाला वाटायचे ते न सुचून घरातच ठेवले. ऑक्टोबरात लवकर येणारा हलका धान पिवळा पडला. नूतन आपल्या नावाच्या चिठ्ठीची औषधं थंड पिशवीत घालून सरांबरोबर सौंदडहून गाडीत बसली. निघण्याआधी तिने घरच्या पडवीत, शेजारची बाई समोर बसलेली असताना, पोटावरचा कुडता वर करून सुई घेतली होती. रुख्माने ते पाहिलं आणि तिच्या काळजावरचं ओझं उतरलं. ह्यासाठी तिने काय दिलं होतं ते त्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

कापणी चालू असताना फोन आला. नूतन चौथी आली होती. तिसऱ्या पोरीच्या अगदी मागे. रडत होती आणि हसत होती. माय, शेवटच्या चकरीत वाटलं आता पडतो, पण एकदाही दोन्ही पाय जमिनीवरून सुटले नाहीत, एकदाही पंचांनी टोकलं नाही. रुख्मा विळा हातात घेऊन ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिला कोणाला तरी सांगायचं होतं. बकाराम धानाच्या भाऱ्यांकडे गेला होता, मंजू शिवणाच्या क्लासला. कापणाऱ्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. आनंदाची गोष्ट अशी हातात घेऊन उभं राहणं तिला सोसेना. ती विळा धुऱ्यावर खोचून तशीच गावात आली आणि सावित्रीबाईच्या दारात उभी राहिली.

सावित्रीबाई खाटेवर बसली होती. तिने ये म्हटलं. रुख्माने नूतनचं सांगितलं. सावित्रीबाईने नीट ऐकून घेतलं आणि पोरीने नाव काढलं म्हणाली. तिच्या बोलण्यात कुठेच काटा नव्हता. मग तिने आत सुनेला हाक मारली.

"चहा ठेव वो. हिच्या चहात साखर टाकजो, हिले काई नाई."

ह्या घरात रुख्माला कधी कोणी साखरेचा चहा दिला नव्हता. दोघींसाठी एकाच भांड्यात फिका उकळायचा. आज सुनेने दोन वेगळे कप आणले आणि कुठला कोणाचा ते नीट विचारून ठेवले. दोघी बोलत राहिल्या, धान किती झाला, मंजूचं कधी करता, असलं काही. सावित्रीबाईचा कप आधी संपला. रुख्माचा फार गोड होता. तरी तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण पाहुण्याने कपात चहा ठेवून उठणं बरं दिसत नाही.